दिवाळं काढायलाही पैसे लागतात

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इंग्लंड म्हटलं की आपल्याकडे अजूनही सुबत्तेचंच चित्र डोळ्यांसमोर येतं. तिथेही महिनाअखेर असते, तिथेही विजेच्या मीटरमध्ये टाकायला पैसे नसतात आणि तिथेही दारावर बेलिफ येतो, हे सहसा कुणी फोनवर सांगत नाही. मी इंग्लंडमधल्या एका मोफत कर्जसल्ला केंद्रात काम करते. समोरच्या खुर्चीत गोरे, काळे, पंजाबी, गुजराती असे सगळेच येऊन बसतात आणि अधूनमधून आपली मराठी माणसंही येतात. त्यांतल्या पुष्कळांचं घर सरकारी भत्त्यांवर चालतं. तिकडे त्याला सगळे ‘बेनिफिट’ म्हणतात. नोकरी गेली, पाठीचं दुखणं जडलं, नवरा गेला, मूल अपंग आहे, अशी कारणं असतात. व्हिसावर नव्याने गेलेल्यांना हे भत्ते बहुतेक मिळत नाहीत. तेव्हा मी बोलते आहे ती तिथे वर्षानुवर्षं राहिलेल्या, तिथलीच झालेल्या माणसांबद्दल.

या माणसांचा प्रश्न एकच असतो. ‘कर्ज फिटणार नाही हे मला कळतंय. मग कायद्याने यातून सुटायचा कुठला मार्ग धरू?’ प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर चुकलं तर पुढची पाच-सहा वर्षं घरातल्या चुलीवर त्याचा परिणाम होतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये कर्जातून सुटण्याचे कायदेशीर मार्ग मुख्यतः तीन आहेत. स्कॉटलंडचा कायदा वेगळा, तिथले मार्गही वेगळे. त्यामुळे माझं आजचं बोलणं इंग्लंड-वेल्सपुरतंच समजा.

पहिला मार्ग दिवाळखोरीचा, म्हणजे ‘बँकरप्सी’. माणूस स्वतः अर्ज करतो. २०१६ पासून त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, अर्ज ऑनलाइन होतो. सरकारी अधिकारी तुमच्या मालमत्तेचा ताबा घेतो आणि साधारणपणे वर्षभराने तुम्ही मोकळे होता. दुसरा मार्ग ‘इंडिव्हिज्युअल व्हॉलंटरी अरेंजमेंट’, थोडक्यात आयव्हीए. हा घेणेकऱ्यांशी केलेला करार. परवानाधारक व्यावसायिक तो जमवून आणतो. दरमहा ठरलेला हप्ता, बहुधा पाच किंवा सहा वर्षं, आणि उरलेलं कर्ज शेवटी माफ. मत देणाऱ्या घेणेकऱ्यांपैकी, रकमेच्या हिशेबाने, पंचाहत्तर टक्क्यांनी होकार दिला की तो सगळ्यांवर बंधनकारक होतो. तिसरा मार्ग ‘डेट रिलीफ ऑर्डर’, म्हणजे डीआरओ. ज्याच्याकडे घर नाही, किमती वस्तू नाहीत आणि महिन्याकाठी फारसं काही उरत नाही, त्याच्यासाठी तो मुद्दाम काढलेला आहे.

हा तिसरा मार्ग का काढावा लागला, ते ऐकण्यासारखं आहे. दिवाळखोरीचा अर्ज फुकट होत नाही. आज त्याला ६८० पौंड लागतात. ते हप्त्याहप्त्याने भरता येतात, पण पूर्ण रक्कम भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. म्हणजे ज्याच्याकडे काहीच नाही त्याला, आपल्याकडे काहीच नाही हे जाहीर करायलाही पैसे हवेत! दिवाळं काढायचीही ऐपत नसलेली ही माणसं वर्षानुवर्षं तशीच अडकून पडत. त्यांच्यासाठी २००७ च्या कायद्यात तरतूद झाली आणि एप्रिल २००९ पासून डीआरओ सुरू झाला. तेव्हा कर्जाची मर्यादा १५ हजार पौंड होती आणि फी ९० पौंड. पुढे मर्यादा वाढत गेली. एप्रिल २०२४ मध्ये ती ९० पौंडांची फीसुद्धा रद्द झाली आणि त्याच वर्षी जूनच्या अखेरीस कर्जाची मर्यादा ५० हजार पौंडांवर गेली.

आता नियम थोडक्यात सांगते. एकूण पात्र कर्ज ५० हजार पौंडांपर्यंत हवं. मालकीच्या वस्तू आणि शिल्लक मिळून २ हजार पौंडांपेक्षा जास्त नको. घरातलं रोजच्या वापराचं सामान त्यात धरत नाहीत. एखादी गाडी ४ हजार पौंडांपर्यंतची असली तर चालते. राहतं घर मालकीचं असेल तर हा मार्ग बंद. गेल्या सहा वर्षांत डीआरओ झालेला नको. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सगळा वाजवी घरखर्च वजा करून महिन्याला ७५ पौंडांपेक्षा जास्त उरता कामा नये.

म्हणून मी समोरच्या माणसाला ‘कर्ज किती?’ हे पहिल्यांदा विचारत नाही. ‘महिनाअखेरीला हातात काय उरतं?’ हे विचारते. कर्जाचा आकडा माणसाला घाबरवतो, पण कुठला मार्ग झेपेल हे ठरतं ते या उरलेल्या आकड्यावरून. भत्त्यांवर जगणाऱ्या घरात तो आकडा बहुधा शून्य असतो, नाहीतर शून्याच्याही खाली.

चार-पाच घरांचं मिळून एक उदाहरण घेऊ. पन्नाशीची बाई. गोदामात काम करायची, पाठीमुळे सुटलं. कौन्सिलच्या भाड्याच्या घरात राहते. उत्पन्न ‘युनिव्हर्सल क्रेडिट’चं. २०२५-२६ मध्ये पंचविशी ओलांडलेल्या एकट्या माणसासाठी त्याचा मूळ भत्ता महिन्याला सुमारे ४०० पौंड होता, घरभाड्याचं वेगळं. देणं १८ हजारांचं: दोन क्रेडिट कार्डं, थकलेला कौन्सिल टॅक्स, विजेचं बिल आणि पूर्वी चुकून जास्त मिळालेल्या भत्त्याची वसुली. ही वसुली सरकार थेट भत्त्यातूनच कापून घेतं. एप्रिल २०२५ पासून अशा कपातींना साधारणपणे मूळ भत्त्याच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, आधी ती २५ टक्के होती. पण चारशेतले साठ गेले तरी काय होतं, हे घर चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

या बाईंनी मोबाइलवर एक जाहिरात पाहिलेली असते. ‘कर्जाचा मोठा भाग माफ, दरमहा फक्त ९० पौंड.’ जाहिरातीचा थाट असा, की सरकारी योजनाच वाटावी. असते ती आयव्हीए. बाई मला सांगतात, ‘ताई, थोडं थोडं का होईना, फेडते म्हटलं की मान वर राहते. एकदम हात वर केले तर लोक काय म्हणतील?’

या वाक्याला मी हसत नाही. आपल्या घरांत कर्ज बुडवणं हे पैशाचं प्रकरण नसतंच, ते अब्रूचं असतं. बापाचं देणं मुलाने फेडायचं, हे ऐकत आपण मोठे झालो. म्हणून हप्त्यांचा मार्ग इभ्रतीचा वाटतो आणि बाकीचे दोन हरल्यासारखे. मी त्यांना एवढंच म्हणते, ‘तुमची भावना बरोबर आहे. आता आपण कागदावर हिशेब करू.’

महिना ९० पौंड, साठ हप्ते. झाले ५,४०० पौंड. हे येणार कुठून? भत्त्यात शिल्लक शून्य. म्हणजे ते येणार हिवाळ्यातल्या हीटरमधून, भाजीतून, नाहीतर बहिणीकडून उसने घेऊन. सुरुवातीच्या हप्त्यांतला मोठा भाग जातो करार जमवणाऱ्याच्या शुल्कात. आणि मध्येच एखादं आजारपण आलं, हप्ते थकले, तर करार मोडतो. करार मोडला की उरलेलं कर्ज पुन्हा अंगावर. दोन-तीन वर्षं पोटाला चिमटा काढून भरलेल्या पैशांतून मूळ देणं फारसं कमी झालेलं नसतं. ज्याला नियमित पगार आहे, ज्याला राहतं घर वाचवायचं आहे, त्याला आयव्हीए उपयोगी पडू शकते. ज्याचं सगळं उत्पन्न भत्त्यांचं आहे त्याला ती सहसा उपयोगी नाही. मग ती इतक्या जोरात विकली का जाते? गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला दलाली मिळायची म्हणून. करार जमवणाऱ्यांकडून अशी दलाली घेण्यावर ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने २०२३ मध्ये कर्जसल्ला कंपन्यांना बंदी घातली, यावरून काय ते समजा.

आता तोच हिशेब डीआरओचा. फी शून्य. हप्ता शून्य. ऑर्डर निघाल्यावर बारा महिने त्यातल्या घेणेकऱ्यांना सहसा वसुली करता येत नाही. बारा महिन्यांत परिस्थिती सुधारली नाही तर ती कर्जं कायमची संपतात. जास्त मिळालेल्या भत्त्याची वसुलीसुद्धा थांबते. त्या मुदतीत सरकारलाही भत्त्यातून ती कापता येत नाही, असा निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला. भत्त्याच्या हक्काला धक्का लागत नाही.

आणि अब्रूचं म्हणाल, तर दिवाळखोरीची नोटीस ‘लंडन गॅझेट’मध्ये छापली जाते, डीआरओची नाही. नाव सरकारच्या ऑनलाइन नोंदवहीत येतं, पण मुदत संपल्यावर तीन महिन्यांनी तिथूनही काढतात. क्रेडिटच्या नोंदीत मात्र ते सहा वर्षं राहतं. त्या काळात नवं कर्ज अवघड, कधीकधी भाड्याचं घर मिळणंही अवघड. ऑर्डर चालू असताना ५०० पौंड किंवा जास्त उसने घ्यायचे तर देणाऱ्याला आपली स्थिती सांगावी लागते. किंमत आहे, नाही असं नाही. पण ती किंमत जेवणाच्या ताटातून द्यावी लागत नाही.

डीआरओ म्हणजे रामबाण मात्र नव्हे. काही देणी त्यातून सुटतच नाहीत. कोर्टाचा दंड, मुलांच्या पोटगीची रक्कम, विद्यार्थी कर्ज, सोशल फंडाचं सरकारी कर्ज आणि फसवणुकीतून झालेलं देणं ही कायम राहतात. थकलेलं भाडं त्यात घालता येतं, पण इथे सावध राहायला हवं. पैसे वसूल करता आले नाहीत तरी त्या थकबाकीसाठी घरमालक घराचा ताबा मागू शकतो. हाही २०११ मधलाच निकाल, अपील न्यायालयाचा. म्हणून भाड्याचा प्रश्न आधी सोडवायचा, मग अर्ज.

दुसरं असं, की अर्जात लिहायचं राहिलेलं कर्ज नंतर घालता येत नाही. ते तसंच मानेवर राहतं. दिवाळखोरीत विसरलेलं पात्र कर्जही सुटतं, डीआरओत नाही. म्हणून अर्जाआधी एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही संस्थांकडच्या आपल्या नोंदी मागवायच्या. तिसरं, नवराबायकोचं संयुक्त कर्ज असेल तर अर्ज करणारा सुटतो, दुसरा नाही. जामीन राहिलेला भाऊ किंवा मेहुणाही नाही. दोघांचीही परिस्थिती बेताची असेल तर दोघांनी स्वतंत्र अर्ज करायचे.

आता खास आपल्या लोकांसाठी एक गोष्ट. ‘तुमच्या नावावर मालमत्ता आहे का?’ असं विचारलं की मराठी माणूस पटकन ‘नाही’ म्हणतो. मी पुन्हा विचारते, ‘आणि गावाकडे?’ मग हळूच निघतं. कोकणातल्या घरात चौथा हिस्सा, सातबाऱ्यावर बहीणभावांबरोबर नाव, पोस्टातली जुनी ठेव, कपाटातल्या पाटल्या. हे सगळं धरलं जातं. कायदा मालमत्ता कुठल्या देशात आहे हे पाहत नाही. सोनं आज विकलं तर जे येईल त्या किमतीला मोजतात. हिश्शाची किंमत मर्यादेत बसत नसेल तर डीआरओ मिळणार नाही. लपवलं आणि उघडकीला आलं तर ऑर्डर रद्द होऊ शकते आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो. तसंच त्या बारा महिन्यांत भावाने भारतातून मोठी रक्कम पाठवली, वारसा आला किंवा मागच्या काळातला भत्ता एकरकमी मिळाला, तर लगेच कळवावं लागतं. म्हणून असा काही पैसा येणार असेल तर तो अर्जाच्या आधी सल्लागाराच्या कानावर घालायचा.

मग दिवाळखोरी कुणासाठी? कर्ज ५० हजारांच्या वर आहे, गाडी मर्यादेपेक्षा महाग आहे, गेल्या सहा वर्षांत डीआरओ होऊन गेलाय, किंवा गावाकडच्या हिश्शामुळे डीआरओत बसत नाही, अशांसाठी. त्यात मालमत्ता जाते, गावाकडच्या हिश्शाचाही प्रश्न येतो. पण ज्याचं उत्पन्न फक्त भत्त्यांचं आहे त्याच्याकडून त्या उत्पन्नातून मासिक हप्ता मागत नाहीत. अडचण असते ती ६८० पौंडांची. काही धर्मादाय निधी त्यासाठी मदत करतात. दिवाळखोरीत बँकेचं खातं गोठू शकतं आणि डीआरओतही, जिथे ओव्हरड्राफ्ट आहे ती बँक खातं बंद करू शकते. म्हणून कुठलाही अर्ज करण्यापूर्वी, जिचं देणं नाही अशा बँकेत साधं खातं उघडून भत्ता तिकडे वळवायचा.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं ठरवायला डोकं शांत हवं आणि दारावर तर बेलिफ उभा आहे. त्यासाठीही सोय आहे. ४ मे २०२१ पासून ‘ब्रीदिंग स्पेस’ नावाची योजना आहे. सल्लागाराने नोंद केली की साठ दिवस बहुतेक कर्जांची वसुली, व्याज आणि दंड थांबतो. श्वास घ्यायला वेळ मिळतो, निर्णय त्या साठ दिवसांत घ्यायचा.

डीआरओचा अर्ज आपला आपण करता येत नाही, अधिकृत सल्लागारामार्फतच करावा लागतो. हे मला बरंच वाटतं, कारण माणूस निदान एकदा कुणासमोर बसून सगळं बोलतो. सिटिझन्स अॅडव्हाइस, स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन या संस्था हा सल्ला मोफत देतात. जो आधी पैसे मागतो त्याच्याकडे जायचं कारण नाही. जाताना तीन महिन्यांची बँक-स्टेटमेंटं, भत्त्याची पत्रं आणि न उघडलेली पाकिटं घेऊन जायची. हो, न उघडलेलीसुद्धा! आमच्या टेबलावर पिशव्या भरून येतात. आणि खर्च सांगताना संकोच करायचा नाही. अपंग मुलासाठी जास्त वेळ लागणारा हीटर, दवाखान्याची टॅक्सी, रोजचे कपडे धुणं हे सगळे खरे खर्च आहेत. अभिमानापोटी खर्च कमी सांगितला की कागदावर नसलेली शिल्लक दिसते आणि ७५ पौंडांची रेषा ओलांडली जाते.

आपल्याकडे असं काही नाही का, असं विचारलं जातं. कागदावर आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत ‘फ्रेश स्टार्ट’ नावाचं प्रकरण आहे. वर्षाचं उत्पन्न ६० हजार रुपयांपर्यंत, मालमत्ता २० हजारांपर्यंत, पात्र कर्ज ३५ हजारांपर्यंत आणि स्वतःचं घर नाही, अशा माणसाची कर्जं माफ व्हावीत अशी ती तरतूद. डीआरओची धाकटी बहीणच म्हणा. पण संहितेचा व्यक्तींसाठीचा भाग डिसेंबर २०१९ मध्ये लागू झाला तो कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. गरीब कर्जदाराच्या वाट्याला आजही १९०९ आणि १९२० चे जुने नादारीचे कायदेच आहेत.

ज्या पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले आणि ज्यानंतर चारच वर्षांत सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला, त्या मातीतल्या माणसाला हे कळायला जड नाही. जे फिटणंच शक्य नाही ते देणं कागदावर जिवंत ठेवून कुणाचंच भलं होत नाही. घेणेकऱ्याला पैसे मिळत नाहीत आणि देणारा उपाशी राहतो. कायद्याने दिलेली सुटका घेणं म्हणजे बुडवेगिरी नव्हे. खोटं सांगून घेतली तर ती बुडवेगिरी.

तुमची बहीण, भाचा, जुनी शेजारीण तिकडे असेल आणि फोनवर ‘थोडी ओढाताण आहे’ एवढंच म्हणत असेल, तर ‘कर्ज किती झालंय?’ असं विचारू नका. त्या प्रश्नाने माणूस गप्प होतो. ‘महिनाअखेरीला काही उरतं का गं?’ असं विचारा. उत्तर ‘नाही’ असेल, तर दरमहा हप्त्याच्या कुठल्याही कागदावर सही करण्याआधी मोफत सल्ल्याचा दरवाजा ठोठावायला सांगा.